शास्ती माफ

जयप्रकाश पाटणकरांना या व्यवहारात तीस दिनार सुटणार होते.

त्यातले सतरा, रुपया घसरला तर. उरलेले तेरा म्हणजे क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांवर मिळणाऱ्या मिक्सरची किंमत. बहरीनला, मनामातल्या एका कंपनीचे हिशेब एकोणीस वर्षं सांभाळणाऱ्या माणसाने तीस दिनारांसाठी एवढा जीव का टाकावा, असं कुणी विचारलं असतं तर पाटणकरांना तो प्रश्नच कळला नसता. तीस दिनार म्हणजे तीस दिनार. आणि फुकटचे असले तर ते एकतीस वाटतात.

पैसे मात्र त्यांचे नव्हते. ते कॉर्नेलियस डाबऱ्यांचे होते. डाबरे बुसैतीनमधल्या पाटणकरांच्याच इमारतीत दोन मजले खाली राहायचे आणि एका हॉटेलात मेंटेनन्स बघायचे. बायको पॅट्रिशिया इस्पितळात नर्स होती. वसईला डाबऱ्यांचं वडिलांच्या वेळचं घर होतं, मागे थोडी वाडी होती, आणि त्या घरात धाकटी बहीण तान्या एकटी राहत होती. वडील गेल्यावर घरपट्टी कुणी भरायची, या प्रश्नाला सगळ्यांनी मिळून ‘बघू’ असं उत्तर दिलं होतं, आणि त्या ‘बघू’ला आता सात वर्षं झाली होती. बहरीनमध्ये राहून माणसाची ती सवयच जाते. इथे पालिकेचा हिस्सा विजेच्या बिलातून परस्पर वसूल होतो. स्वतः उठून, तारीख लक्षात ठेवून पट्टी भरायची असते, हे अंगवळणी पडायला घर तिकडे असेल तर आपणही तिकडेच असावं लागतं.

फेब्रुवारीत पालिकेने दारावर जप्तीची नोटीस चिकटवली आणि तान्याने तिचा फोटो पाठवला. थकबाकी दोन लाख अकरा हजार, वर उशिराची शास्ती एक लाख अठ्ठावन्न हजार. दिलाशाची ओळ एकच होती. एकतीस मार्चपर्यंत थकबाकी एकरकमी भरली तर शास्ती पूर्ण माफ. नाही भरली तर एप्रिलमध्ये घराला सील.

डाबऱ्यांचं तिकडचं बँक खातं कागदपत्रांच्या नूतनीकरणात अडकलं होतं. पाटणकरांचं खातं चालू होतं, कार्ड चालू होतं, आणि डोकं तर रात्रंदिवस चालू असायचं. पाच मार्चला डाबरे पाकीट घेऊन वर आले.

“पाटणकर साहेब, तुम्हीच बघा. मला त्या वेबसाइटवर गेलं की घाम फुटतो.”

“त्यात काय बघायचंय? आजचा भाव दोनशे एकतीस. नऊशे पंधरा दिनार दे आणि विसरून जा. भरायची जबाबदारी माझी.”

डाबऱ्यांनी पैसे दिले आणि खरोखरच विसरून गेले. पाटणकर कसे विसरतील?

आखातातला भारतीय सकाळी उठून आधी दिनाराचा भाव बघतो, दात नंतर घासतो. भाव चढेपर्यंत पैसे पाठवायचे नाहीत, हा इथला अलिखित कायदा आहे. त्यावर पाटणकरांनी आपली एक कलाकुसर केली होती. पट्टी कार्डावर भरायची. कार्डाचं बिल पंचवीस तारखेला निघतं. त्यानंतर भरलं की पैसे थेट मेच्या मध्यात द्यायचे. तोपर्यंत दिनार दोनशे पस्तीसला नक्की जाणार. मधला फरक कुणाचा? ज्याने डोकं चालवलं त्याचा. म्हणून ते पंचवीस तारखेसाठी थांबले. पंचवीसला कार्ड कंपनीची ईमेल आली की एकतीस मार्चच्या खरेदीवर दुप्पट पॉइंट. म्हणून आणखी थांबले. मधे डाबऱ्यांनी लिफ्टमध्ये एकदा विचारलं, “झालं का हो ते?” पाटणकर म्हणाले, “झालं समजा.”

हिशेबनीस माणूस सहसा खोटं बोलत नाही. तो ‘समजा’ म्हणतो.

*

यंदा पाडवा आणि इथली ईद एकाच दिवशी आली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे एकतीस मार्चला, सुट्टीच होती. संध्याकाळी पाटणकरांकडे डाबरे नवरा-बायको जेवायला होते. डाबऱ्यांचा ईस्टरआधीचा उपासकाळ चालू होता, मांसमच्छी बंद होती. पाटणकरांच्या बायकोला, चारुलताबाईंना, ते फारच सोयीचं पडलं. श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर. समोर खाडीपलीकडे मनामाचे दिवे लागले होते. खाली कुणाच्या तरी गाडीतून ईदची गाणी मोठ्याने वाजत होती.

पाटणकरांचा बेत असा होता की जेवणं आटोपली, पाहुणे गेले, की निवांत पट्टी भरायची. शेवटची तारीख रात्री बारापर्यंत असते.

सात वाजता डाबरे म्हणाले, “साहेब, पावती आली का? तान्या सारखी विचारतेय. परवा वसुलीवाले शेजारच्या घरी येऊन गेले. ती घाबरलीय.”

“पावती ना? निघते की. सिस्टीमला चढायला वेळ लागतो त्यांना.” पाटणकर उठले. “बघतोच आत जाऊन.”

बेडरूममध्ये त्यांनी लॅपटॉप उघडला. घराचा क्रमांक, मालकाचं नाव, रक्कम. पान सावकाश उघडत होतं, पण उघडत होतं. त्यांनी कार्डाचा नंबर घातला. पडद्यावर ओळ आली, आपल्या मोबाइलवर पाठवलेला ओटीपी टाका.

तो मोबाइल कपाटाच्या खणात होता. बँकेसाठी ठेवलेलं भारतातलं सिम एका जुन्या फोनमध्ये घालून ते वर्षानुवर्षं तिथेच ठेवलेलं असायचं. पाटणकरांनी फोन चार्जरला लावला, चालू केला आणि वाट बघितली. नेटवर्क नाही. फोन खिडकीशी धरला. नाही. मग आठवलं. डिसेंबरात रिचार्जचा मेसेज आला होता. वापरायचंच नाही तर तीनशे रुपये कशाला घालवा, एप्रिलमध्ये करू, असं त्यांनी ठरवलं होतं. तो त्या दिवशीचा नफा होता.

ते बाहेर आले. “बर्फ संपलाय. आलोच.”

“बर्फ कशाला? आम्ही काय परके?” डाबरे म्हणाले. तोवर दार लागलंसुद्धा.

इमारतीखालच्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, हैदराबादचा उबेद गल्ल्यावर बसला होता. अंगात ईदचा नवा कुर्ता, तोंडात खजूर. त्याने नंबर मोबाइलवर टाकला, पुन्हा टाकला आणि मान हलवली.

“साब, रिचार्ज जा ही नहीं रहा. ये नंबर खलास है.”

“खलास मतलब? मेरा नंबर है, पंद्रह साल से!”

“तीन महिने कुछ डाला नहीं, कंपनी ने काट दिया. अब इंडिया जाके आधार कार्ड दिखाना पडेगा.” उबेदने खजुराची बशी पुढे केली. “लो साब, ईद मुबारक.”

पाटणकरांनी खजूर घेतला. तो तोंडात घालायचं मात्र सुचलं नाही.

*

चारुलताबाई पुऱ्या तळत होत्या. “बर्फ?”

पाटणकरांनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. बाईंनी झारा हातात धरूनच ऐकलं. कढईतली पुरी फुगली, तांबडी झाली, काळी झाली.

“म्हणजे भरलेच नाहीत?”

“हळू बोल. भरतोय ना. अजून चार तास आहेत. बारापर्यंत असतं.”

“अहो, कुणाचे बारा?” बाईंनी गॅस बंद केला. “वसईत आत्ता सव्वादहा वाजून गेलेत.”

एकोणीस वर्षं पाटणकर रोज सकाळी पुण्याला आईला फोन करत होते, तिचं जेवण झालं असेल की नाही याचा अंदाज बांधून. अडीच तासांचा फरक त्यांना झोपेतही ठाऊक होता. फक्त आज ते बारा वाजणार म्हणाले, तेव्हा ते बुसैतीनचे बारा होते. पैसे बुसैतीनच्या कपाटात होते ना, म्हणून.

त्यांनी पुण्याला भावाला फोन लावला. भाऊ म्हणाला, मोबाइलवरून दिवसाला एक लाखाच्या वर जात नाही, एक लाख भरू का? एक लाख भरून उपयोग नव्हता. नोटिशीत एकरकमी लिहिलं होतं. मग इथेच हिद्दला राहणाऱ्या मित्राला, जयेशला, फोन केला. जयेश सुट्टीला म्हणून केरळात होता आणि त्याच्या कार्डाची मर्यादा पन्नास हजार होती. “काय झालं रे, तू पैसे मागतोयस?” असं विचारून तो इतका मनापासून हसला, की पाटणकरांनी फोनच ठेवला.

“आता बाहेर जाऊन सांगा त्यांना,” चारुलताबाई म्हणाल्या.

“आत्ता? जेवणाआधी?”

“मग कधी? घराला सील लागल्यावर?”

*

बाहेर पॅट्रिशिया पाटणकरांची वाटच बघत होती. दिवसभर माणसांची नाडी बघणारी बाई ती. समोरच्याच्या चालण्यावरून तिला ताप कळायचा.

पाटणकर म्हणाले, “जरा प्रॉब्लेम आहे. सर्व्हर डाउन आहे त्यांचा. शेवटचा दिवस ना, सगळी गर्दी.”

“आज डाउन आहे,” पॅट्रिशिया म्हणाली. “मग पंधरा तारखेला काय होता?”

पाटणकरांनी तोंड उघडलं. आतून चारुलताबाई झारा घेऊनच चौकटीत येऊन उभ्या राहिल्या. पाटणकरांना ते उभं राहणं भारी पडलं. त्यांनी खुर्ची ओढली, बसले, आणि पाच मार्चपासून सुरुवात केली. कार्डाचं बिल, दिनाराचा भाव, दुप्पट पॉइंट, सिम. हिशेबनीस असल्यामुळे त्यांनी सगळं क्रमाने सांगितलं, एकही बाब गाळली नाही.

डाबरे ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी समोरची वाटी बाजूला सारली. मग म्हणाले, “साहेब, तुम्हाला यात किती सुटणार होते?”

“तसं नाही रे कॉर्नेलियस…”

“सांगा ना. किती?”

“तीस.”

“हजार?”

“दिनार.”

पॅट्रिशिया हसली. ते हसणं ऐकून चारुलताबाईंनी मान खाली घातली. “तीस दिनार! अहो, मला सांगितलं असतं तर मी हातावर ठेवले असते. वर मिक्सर दिला असता.” मग तिने नवऱ्याकडे वळून सांगितलं, “बघत काय बसलायस? तान्याला लाव. स्पीकरवर ठेव.”

तान्याने पहिल्याच रिंगला उचललं. डाबऱ्यांनी दोन वाक्यांत सांगितलं.

“दादा, तू म्हणालास भरले.”

“मला तसं सांगितलं होतं.”

“पट्टी भरायची खिडकी आज रात्री बाराला बंद होणार आहे. रिक्षावर भोंगा लावून दिवसभर सांगत फिरत होते. पण रोख लागेल. एवढी रोख या वेळेला कुणाकडे असणार?”

त्याचं उत्तर खोलीतल्या दोघांना आणि वसईतल्या तिसरीला माहीत होतं. पाटणकरांना माहीत नव्हतं. ते प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत राहिले.

“हॅन्सेल,” पॅट्रिशियाने शेवटी नाव घेतलं.

हॅन्सेल म्हणजे डाबऱ्यांचा चुलतभाऊ, कुंपणापलीकडे राहणारा. वाडीवाल्यांकडून फुलं-भाजी उचलून टेम्पोने बाजारात पोचवायचा. महिनाअखेरीला सगळ्यांचं चुकतं करायला घरात रोकड असायचीच. दहा वर्षांपूर्वी त्याने डाबऱ्यांच्या वाडीतून टेम्पो जाईल एवढा रस्ता मागितला होता. डाबऱ्यांनी नाही म्हटलं, कारण त्या पट्ट्यात तान्याच्या कागड्याच्या फुलांची झुडपं होती. पहाटे उठून ती कळ्या खुडायची आणि गजरेवाल्यांना द्यायची. तिच्या हातात पडणारे स्वतःचे पैसे तेवढेच. त्या दिवसापासून दोन घरांत बोलणं नव्हतं, मयतालासुद्धा नव्हतं.

“मी जाते,” तान्या म्हणाली. “फोन चालूच ठेव.”

तिच्या चपलांचा आवाज आला. कुत्रा भुंकला. दार वाजलं. बुसैतीनच्या त्या खोलीत चौघं जण मेजावरच्या फोनभोवती जमले होते. श्रीखंडाच्या वाट्या तशाच होत्या.

हॅन्सेलचा आवाज झोपेतला होता, मग एकदम जागा झाला. “कोण, तान्या? काय झालं?” तिने सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “कॉर्नेलियस ऐकतोय का?”

“ऐकतोय,” डाबरे म्हणाले.

“बरा आहेस ना?”

“बरा आहे.”

“दोन लाख अकरा आहेत माझ्याकडे. व्याज नको मला. सवडीने दे. पण टेम्पोला रस्ता दे. आत्ताच सांग, सगळ्यांच्या देखत. तुझं एकदा हो म्हटलं की मला कागद नको.”

डाबरे फोनवर वाकले. “हॅन्सेल, माणूस अडला की…”

“अडला तेव्हाच आठवण झाली ना माझी? मी काय चुकीचं मागतोय? बाकी जगाला दोन टक्क्यांनी देतात लोक.”

पाटणकरांना मनातल्या मनात कबूल करावं लागलं की सौदा वाजवी आहे. आपल्याला हे सुचलं, याची त्यांना लगेच लाजही वाटली. त्यांनी घड्याळ बघितलं. साडेआठ वाजत आले होते. तिकडे अकरा.

“कागडा सोडून दुसरीकडून घे,” डाबरे म्हणाले. “विहिरीकडून घे.”

“विहिरीकडून टेम्पो वळत नाही, तुला माहिताय.”

“मग मला विचार करू दे. तान्याचं त्याच्यावर…”

“घे रस्ता,” तान्या म्हणाली.

“तान्या, तू थांब. मी बोलतोय ना.”

“तू बोलत बसशील आणि तिकडे खिडकी बंद होईल, दादा.” तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. “हॅन्सेल, घे रस्ता. मी सांगते. गाडी काढ.”

फोन बंद झाला.

*

चारुलताबाईंनी पानं वाढली, पण कुणी जेवायला बसलं नाही. डाबरे खिडकीशी उभे राहून पलीकडचे दिवे बघत होते. पाटणकर त्यांच्याजवळ जाऊन म्हणाले, “कॉर्नेलियस, मला खरंच वाटलं नव्हतं…”

“बसा, साहेब,” डाबरे म्हणाले. मागे वळले नाहीत.

नऊ वाजता पॅट्रिशियाने तान्याला फोन लावला. उचलला नाही. पाच मिनिटांनी पुन्हा लावला. या वेळी हॅन्सेलने उचलला आणि मागच्या गोंगाटावर ओरडून म्हणाला, “रांगेत आहे ती! पुढे बारा-पंधरा माणसं आहेत! खिडकीवाला म्हणतो, कॉम्प्युटर बाराला आपोआप बंद होणार!” आणि कटला.

पाटणकर सोफ्याच्या कडेवर बसले. एकोणीस वर्षांत त्यांनी कित्येक मुदती शेवटच्या दिवशी गाठल्या होत्या आणि प्रत्येक वेळी त्यांना मजा आली होती. त्यांना आज पहिल्यांदा कळलं, की त्या मजेत आपल्याऐवजी कुणीतरी रांगेत उभं असायला लागतं. नऊ वीस झाले. पॅट्रिशियाच्या बोटांत जपमाळ होती. ती केव्हा बाहेर काढली, कुणी बघितलं नव्हतं. चारुलताबाई देवापाशी उभ्या होत्या. साडेनऊला दोन मिनिटं असताना पाटणकरांनी घड्याळाकडे बघणं सोडलं आणि डोळे मिटले.

फोन वाजला नाही. नुसता टिंग झाला.

पावतीचा फोटो होता, हलल्यामुळे थोडा धूसर. पॅट्रिशियाने तो बोटांनी मोठा केला आणि मोठ्याने वाचला. “थकबाकी जमा. शास्ती माफ.” मग तिने माळ पर्समध्ये टाकली आणि पाटणकरांकडे वळली.

“आमचं पाकीट?”

पाटणकरांनी ते आतून आणून दिलं. पाच मार्चला दिलं होतं तसंच, रबर न काढलेलं. पॅट्रिशियाने मेजावर नोटा मोजल्या.

“नऊशे पंधरा. आजचा भाव काय?”

पाटणकरांना तो तोंडपाठ होता. महिनाभर रोज सकाळी तो त्यांच्या छातीत थोडा थोडा रुतत आला होता. “दोनशे सत्तावीस.”

“म्हणजे हॅन्सेलचे दोन लाख अकरा हजार या पैशांत होत नाहीत. किती कमी पडतात? तुम्ही हिशेबाचे, तुम्हीच सांगा.”

“साडेचौदा.”

“पंधरा द्या. पाठवायला काही लागेलच.”

“पॅट्रिशिया, राहू दे,” डाबरे म्हणाले.

“का राहू दे?”

चारुलताबाईंनी स्वतःच्या पाकिटातून दहाची नोट आणि पाचची नोट काढून मेजावर ठेवली. पाटणकर त्या नोटांकडे बघत राहिले. आपल्या खिशात पैसे असताना बायकोने काढले, हे त्यांना उरलेल्या सगळ्यापेक्षा जास्त लागलं, आणि ते लागावं म्हणूनच बाईंनी ते काढले होते.

डाबरे दोघं न जेवता निघाले. दारात चारुलताबाईंनी श्रीखंडाचा डबा पुढे केला. पॅट्रिशिया जरा थबकली, मग तिने घेतला. “तुमचा आहे म्हणून घेते, चारूताई. डबा धुऊन पाठवीन.” डबा दोन दिवसांनी आला, घासूनपुसून, रिकामा. चारुलताबाई इतकी वर्षं रिकामा डबा कधी परत करत नसत, आणि डाबऱ्यांकडूनही तो कधी रिकामा आला नव्हता.

*

आता हिशेब. महापालिकेला तिचे दोन लाख अकरा हजार मिळाले. हॅन्सेलला त्याचे पैसे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पोचले, रस्ता त्याआधीच. पाटणकरांचे तीस सुटायचे होते, ते सुटले नाहीत. पंधरा गेले, मिक्सरही गेला, आणि लिफ्टमध्ये डाबरे भेटले की आता दोघंही मजल्यांचे आकडे बघतात. कॉर्नेलियसचं घर राहिलं, शास्ती वाचली, बोलायला भाऊ मिळाला. जमाखर्च बघता तो फायद्यातच म्हणायचा.

दोन एप्रिलला पहाटे तान्या नेहमीसारखी उठली. कळ्या होत्या तेवढ्या खुडल्या. मग विळा-कुदळ घेऊन तिने कागड्याची झुडपं एकेक करून स्वतःच्या हाताने उपटली. टेम्पोच्या चाकाखाली जाताना बघायला नको, म्हणून. उन्हं वर येईपर्यंत पट्टा साफ झाला. हॅन्सेल टेम्पो घेऊन आला तेव्हा ती कुंपणाशी हात धूत होती.

एवढ्या माणसांत या व्यवहारात जिला एक पैसा सुटणार नव्हता, भरले ते तिनेच.